भटकंतीचे दिवस

मेपलच्या रसाची वाफ काहिलीतून वर येते तेव्हा तिला आधी ओल्या सालीचा, मग धुराचा आणि अगदी शेवटी गोडाचा गंध असतो. मार्चअखेरच्या त्या सकाळी उत्तर मिशिगनच्या रानात बर्फ अजून झाडांच्या सावल्या धरून बसला होता. पण उन्हानं ऊब धरलेल्या खोडांतून पाण्यासारखा नितळ रस बादल्यांत थेंब थेंब उतरत होता, आणि त्या बादल्या वाहून आणणाऱ्यांत माझी लेक मुक्ता होती.

शिकागोतली नोकरी सोडून ती वर्षभर हिंडत होती. आता ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या एका मैत्रिणीच्या कुटुंबासोबत मेपलच्या साखरेच्या हंगामाला आली होती. तिला घरी न्यायचंच, असं ठरवून मी ॲन आर्बरच्या माझ्या घरून निघाले होते. सोबत आप्पा, माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून आणलं, तेव्हापासून ते खिडकीशी बसत आणि विचारलं तेवढंच बोलत. घरी एकटं ठेवायचं कसं, म्हणून त्यांना बरोबर घेतलं होतं.

मैत्रिणीची आजी डोरीन हिनं रसाबद्दल आभार म्हणून एका झाडाच्या मुळाशी चिमूटभर तंबाखू ठेवून मनोमन काही म्हटलं आणि मग आम्हाला जाळाजवळ बसवलं. मी कशासाठी आले ते तिनं विचारलं. मी लपवलं नाही.

"आमच्यात आयुष्याच्या सात अवस्था सांगतात," ती म्हणाली. "घरोघरी सांगण्याची रीत थोडी वेगळी. मी माझ्या आजीकडून ऐकलं ते सांगते."

आधी बाळपणाचे भले दिवस, मग वाढीचे वेगाचे, मग भटकंतीचे. त्यानंतर स्वतःचं सत्य ओळखण्याचे, पेरण्याचे, करण्याचे. आणि सरतेशेवटी, मिळालं ते परत देण्याचे. मला आपले चार आश्रम आठवले. तिथे उतरत्या वयाला वनाची वाट दाखवलेली. इथे मात्र म्हातारपण वनातच, पण पोराबाळांच्या गराड्यात बसलेलं.

"भटकंती संपते कधी?" मी विचारलं.

"ते तिचं तिला कळेल. मधेच ओढून आणलंत, तर उरलेली भटकंती ती पुढे कधीतरी करेलच."

मग ती आप्पांकडे वळली. त्यांची अवस्था देण्याची, तेव्हा जाळाभोवती जमलेल्या या मुलांना काहीतरी द्यायला हवं, असं तिनं सरळ सांगितलं. मुक्तानं ते मराठीत केलं. आप्पांनी जाळात एक काटकी सरकवली. मग सांगू लागले: लहानपणी संत्र्यांच्या बैलगाडीत लपून झोप लागली, जाग आली ती थेट नागपूरच्या बाजारात, आणि इकडे सारं गाव विहिरी शोधत होतं. मुक्ता वाक्यावाक्याला इंग्रजी करत होती, मुलं "मग पुढे?" म्हणून त्यांच्या गुडघ्याशी सरकत होती. बैलगाडी म्हणजे काय, हे दाखवायला आप्पा उठून स्वतःच बैल झाले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दुपारी मुक्ता हात पुसत माझ्याशेजारी बसली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता.

"आई, तू मला न्यायला आलीयेस. आय नो."

"आले होते," मी म्हणाले.

तिनं नुसतं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

निघताना आप्पा गाडीत बसेनात. "तू जा. हंगाम संपेतो राहतो मी. पोरं उद्या पुढची गोष्ट मागतील," म्हणाले. डोरीननं मान डोलावली.

परतीच्या रस्त्यावर मी एकटीच होते. दोन्ही बाजूंना बर्फातून वर आलेलं पिवळं गवत, आणि आभाळात सायंकाळचा फिका केशरी प्रकाश. त्या सातांतली माझी अवस्था कोणती, हे मी डोरीनला विचारलंच नव्हतं. पेरून झालं होतं, करणंही बरंचसं आटोपलं होतं. देण्याइतकं काही हाती आहे, असं मात्र वाटत नव्हतं. घरी कुणी वाट पाहणारं नव्हतं, आणि त्याचं आज वाईटही वाटत नव्हतं. फाटा आला तेव्हा मी घराचा रस्ता सोडून गाडी पाटीवर दिसलेल्या सरोवराच्या दिशेनं वळवली.