गिळता येईल अशी भाजी

रिपोर्ट वाचताना डॉक्टर मध्येच ह्यांच्याकडे बघायचे. मग खुर्ची पुढे ओढून ते माझ्याकडे वळले.

"बाई, हे साधं तोंड आलेलं नाही. गालाचा कॅन्सर आहे. पण वेळेत सापडलाय, ऑपरेशन करता येईल."

असं काही कानावर पडलं की माणूस रडतं, चक्कर येऊन पडतं, असं मला वाटायचं. माझ्या मनात आलं ते भलतंच. डब्यात मेथीची भाजी राहिली होती, ती उन्हानं आंबली असणार.

हेच माझ्या आधी बोलले. "तंबाखू न्हाय, मिशेरी न्हाय. हिला कसा काय झाला?"

"दाताचं टोक वर्षानुवर्षं गालाला घासत राहिलं, तरी होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक वेळी कारण सापडतंच असं नाही. आता पुढचं बघू."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सुमन, कोडोलीच्या शाळेत शिक्षिका. राहायला कोल्हापुरात, रोज एसटीनं जायची-यायची. हे, म्हणजे दिनकर, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर. लेक शीतल लग्न होऊन लांब गेलेली आणि पहिल्या बाळंतपणाला टेकलेली. घरात आम्ही दोघंच.

सुरुवात अगदी किरकोळ होती. उजव्या गालात आतून पांढरट चट्टा उठला. ठेचा खाल्ला की झोंबायचं. मी लोणी लावलं, ग्लिसरीन लावलं आणि तिखट थोडं कमी केलं. चट्ट्याची जखम झाली तरी दुखत नव्हती, म्हणून काळजीही वाटली नाही. दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं बायॉप्सी झाली. बायॉप्सी म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच आहे. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर लोणी लावत बसू नका. दाखवून या.

ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग आणि जबड्याचा एक तुकडा काढला. छातीवरचं मांस-कातडं वळवून ती जागा भरली. त्याला फ्लॅप म्हणतात. शुद्धीवर आले तेव्हा नाकात राइल्स ट्यूब होती. नाकातून थेट पोटात जाणारी ती बारीक नळी. दूध, डाळीचं पाणी, सगळं त्यातनं जायचं. पोट भरायचं, पण आपण जेवलो असं वाटायचंच नाही.

वॉर्डात संध्याकाळी लोकांचे डबे उघडत. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंच्या घरून झुणका यायचा. लसणाच्या फोडणीचा वास माझ्यापर्यंत पोचायचा आणि माझे डोळे आपोआप मिटायचे. त्या बाई बिचाऱ्या डबा घेऊन व्हरांड्यात जाऊ लागल्या. मला बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहून त्यांना सांगितलं, इथंच जेवा. वास तरी असू दे.

जखम भरल्यावर नळी निघाली आणि रेडिएशन सुरू झालं. रेडिएशन म्हणजे मशीनमधून किरण सोडून उरलेल्या रोगट पेशी मारणं. झोपायचं, मान हलवायची नाही, काही मिनिटांत उठायचं. मशीनखाली दुखत नाही. वेळ जातो तो बाहेरच्या बाकांवर. सगळ्यांच्या मानेवर किरणांची जागा दाखवणाऱ्या जांभळ्या शाईच्या खुणा. जयसिंगपूरहून पहिल्या गाडीनं येणारे एक व्यापारी रोज माझ्या शेजारी बसायचे. त्यांनाही बोलता येत नव्हतं. आम्ही नुसतं एकमेकांकडे बघून मान हलवायचो.

मग तोंड आतून सोलवटलं. त्याला म्युकोसायटिस म्हणतात. लाळ आटली. जबडा आखडला आणि तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडायला लागलं. त्या आखडण्याला ट्रिस्मस म्हणतात. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत सरकवायच्या आणि तोंड थोडं थोडं उघडायचं, हा त्यावरचा व्यायाम. आणि जिभेची चव गेली. पूर्ण गेली. दूध पिताना पाण्यात खडू कालवून पितोय असं वाटायचं.

मी खाणं सोडलं. ठरवून नव्हे, जमेनाच. पेज दोन घोट घेतली की पुरे. वजन उतरलं, रक्त कमी झालं. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"बाई, असंच चाललं तर रेडिएशन मध्येच थांबवावं लागेल. मध्ये खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. खायला पाहिजे. नाहीतर परत नळी घालू."

नळीचं नाव काढल्यावर माझा हात नाकाकडे गेला. हे बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

त्याच दिवशी आम्हाला डाएटिशियनकडे पाठवलं. डाएटिशियन म्हणजे आहाराचा सल्ला देणाऱ्या. तरुण बाई, बोलायला शांत. मी काय काय खाते ते त्यांनी विचारून घेतलं. दूध, पेज, रव्याची खीर. "आणि भाजी?" मी मानेनंच नाही म्हटलं. पालेभाजीचा एक धागा जरी जखमेवर घासला, तरी जीव जायचा.

"चावता येत नाही, तर भाजीचं पीठ करा," त्या म्हणाल्या. "शेवग्याचा पाला, पालक, गाजर, लाल भोपळा. धुवायचं, गाजर-भोपळा किसून वाफ द्यायची, सावलीत कडकडीत वाळवायचं, दळायचं आणि वस्त्रगाळ करायचं. पेजेत एक चमचा घालून शिजवायचं. आणि एक लक्षात ठेवा, हे औषध नाही. कॅन्सर यानं बरा होत नाही. नुसत्या पिठानं वजनही वाढणार नाही, त्यासाठी अंडं, दूध, दाण्याचं कूट पाहिजेच. पण रोजच्या जेवणात भाजी पोटात जायला ही एक वाट आहे."

ह्यांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नव्हता. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वस्त्रगाळ म्हंजे काय गं?"

ह्यांची थोरली बहीण, आक्का, कोडोलीला असते. निरोप गेल्यावर ती पोतंभर शेवग्याचा पाला घेऊन दारात उभी राहिली. "पाल्याला काय तोटा हाय? झाड हाय की दारात. पर हे करणार कोण? तू?" असं म्हणून ती भावाकडे बघून हसली. हे हसले नाहीत. पाला धुवायला बसले.

पहिल्यांदा त्यांनी तो गच्चीवर भर उन्हात टाकला. पिवळा पडला, गवतासारखा झाला. मग माझी जुनी सुती लुगडी घरातल्या खाटांवर अंथरली आणि पंखा लावून त्यावर पाला पसरला. आम्ही दोघं आठवडाभर खाली जमिनीवर झोपलो. घरभर हिरवा, ओलसर वास. मला त्या वासानं कोडोलीची शाळा आठवायची, पाचवीचा वर्ग आठवायचा, आणि माझा आवाज आठवायचा. कविता म्हणताना मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो.

वाळलेला पाला घेऊन हे कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, "पावणं, पाल्याचं दळण न्हाय घेत. मागनं येणाऱ्याची ज्वारी हिरवी हुईल, ती मला बोलंल की." मग मिक्सर. गाजराच्या पहिल्याच घाण्याला त्यातनं धूर निघाला. हे थोडं थोडं घालून, मध्ये मध्ये थांबून दळायला शिकले. भट्टीवर लोखंड ओतणारे हात मलमलच्या फडक्यातनं पीठ गाळत बसायचे.

पहिली पेज भोपळ्याच्या पिठाची झाली. रंग सुरेख आला होता. मी एक चमचा तोंडात घेतला. काहीच नाही. नुसतं कोमट. वाटी बाजूला सारून मी रडायला लागले. इतके दिवस रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

ह्यांनी वाटीतली एक चमचा पेज स्वतः खाल्ली. बराच वेळ तोंडात धरली.

"गोडसर हाय," ते म्हणाले. "भोपळ्याची घारी गरम असती न्हवं, तसली. मीठ जरा कमी पडलंय. आता घे."

मी घेतलं. चव नव्हतीच. पण काय खातेय ते कळलं.

मग तीच आमची रीत झाली. आधी हे एक चमचा खायचे आणि मला चव सांगायचे. सुरुवातीला नुसतं "बरं हाय", "बेस हाय". मी पाटीवर लिहायचे, "नीट सांगा." माणूस कमी बोलणारं, पण हळूहळू शब्द शोधायला लागलं. पालकाचं पीठ "मातीगत, पर चांगल्या मातीगत". शेवग्याचं "आधी तुरट, मागनं वल्ल्या शेंगदाण्यागत". मी डोळे मिटून ऐकायचे आणि गिळायचे. एकेक वाटी संपायला लागली. पेजेत पीठ, डाळीच्या पाण्यात पीठ, अंड्याच्या मऊ पोळ्यात पीठ. वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा." रेडिएशन खंड न पडता पूर्ण झालं.

जखमा भरत आल्यावर ज्वारीच्या पिठात थोडं गाजराचं पीठ मिसळून पातळ भाकरी केली. डाळीत कुस्करून, लगदा करून मी ती खाल्ली. हेही तेच खायचे. घरात मिरचीच येईना. कोल्हापूरचा माणूस, आणि ताटात अळणी डाळ.

आक्का चिडली. "आरं, तुझ्या तोंडाला काय झालंय? तू तर खा की जरा तिखट."

"तिच्या म्होरं बसून रस्सा वरपू व्हय?" हे म्हणाले. "माझ्या घशाखाली उतरायचा न्हाय."

पुढं बऱ्याच महिन्यांनी, एका दुपारी, मेथीच्या वाळवलेल्या पाल्याचं पीठ घातलेली भाकरी होती. हे नेहमीसारखे आधी घास घेऊन सांगायला लागले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. जिभेच्या एका कडेला काहीतरी जाणवत होतं.

"कडू," मी म्हणाले. उच्चार अजून बोबडे होते. "कडू लागतंय हो."

ह्यांनी भाकरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सगळी चव परत आली नाही. कडू आणि खारट आलं, गोड अर्धंमुर्धं आलं. तिखट सोसतच नाही, आता सोसणारही नाही. शाळेत परत गेले, पण वर्गात कविता मी म्हणत नाही, मुलांकडून म्हणवून घेते. तांबड्या रश्श्याचा वास कुठल्या खिडकीतनं आला की पाय थांबतात. ही ओढ जाईल असं मला वाटायचं. गेली नाही. मीही आता तिला घालवायला बघत नाही.

ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांना एवढंच सांगते. भाजीची पिठं जरूर करा, पण आधी डॉक्टरांना विचारून, आणि थोडी थोडी करा, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. रोग्याला "खा, खा" म्हणू नका. त्याच्याजवळ बसून तेच खा. त्या तरुण डाएटिशियन बाईंना मी नंतर भेटून आले, आक्कालाही साडी घेतली. ह्यांचे आभार कसे मानायचे ते मात्र सुचत नव्हतं.

काही वर्षांनी तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता वर्षातनं एकदाच या." आम्ही दवाखान्यातून बाहेर पडलो. समोरच मिसळीचं हॉटेल होतं. मी ह्यांचा हात धरला आणि आत नेलं. "एक मिसळ," मी पोऱ्याला सांगितलं, "आणि एक चहा."

"अगं, मला नगं," हे म्हणाले.

"मी बसते समोर. खावा."

लाल कटाची ताटली आली. वास आला आणि माझ्या कोरड्या तोंडातसुद्धा कुठं तरी ओल जाणवली. हेवा वाटला. फार वाटला. पण मी पाव चहात बुडवून खात बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. पहिल्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला, नाक गळायला लागलं. दुसऱ्या घासाला ते मान खाली घालून, मनापासून, भरभर जेवायला लागले.

"अजून कट आणू का?" पोऱ्यानं विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "आण."