गणित न सोडलेली मुलगी

सावेडीतल्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. प्रवेशाच्या याद्या संपून एकच जागा उरली होती आणि मुलाखतीला दोघी आल्या होत्या. पहिलीचे टक्के चांगले होते. दुसरी खर्डा गावाकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिचं नाव आता आठवत नाही. पण गुणपत्रिका पुढे ठेवण्याआधी तिने ओढणीने तिच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर पुसलं, ते आठवतं.

आमच्या प्राचार्यांनी विचारलं, "जीवशास्त्र होतं ना? मग गणित कशाला घेतलंस? त्यानेच टक्के खाली आले."

ती नजर न झुकवता म्हणाली, "मॅडम, ऊसतोडीच्या कोपीवर, फडाजवळच्या आमच्या झोपडीत, माझ्या भावाला औषध जादा गेल्तं. डॉक्टरनं वजनावर द्या म्हनून सांगितलं हुतं, पन हिशेब कुनालाच येईना. त्यो वाचला. तवाच ठरवलं, गनित सोडायचं न्हाई."

प्राचार्यांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या. मला म्हणाल्या, "टक्के सगळेच बघतात. हिने ओझं किती उचललं, तेही बघा."

मी पाहिलं. सगळे अवघड विषय, पहिल्याच प्रयत्नात पास. मी तिच्या नावापुढे खूण केली.

निवड झाल्याचं ऐकून ती नुसती ताठ उभी राहिली. मग दाराबाहेर जाऊन तिने वडिलांना फोन लावला. "दादा, माझा नंबर लागला." फोन स्पीकरवर होता. पलीकडे वडिलांनी ते ओरडून सगळ्यांना सांगितलं, कोयत्यांचा आवाज थांबला आणि उसाच्या फडातल्या साऱ्या बायामाणसांचा गलका उठला.

गुणपत्रिका मी पुष्कळ तपासल्या. पण प्रवेशाच्या एका जागेवर इतकी माणसं जिंकलेली तेवढीच एकदा ऐकली.