अर्ध्या चंद्राची संकष्टी

देवाने माझं ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी अख्खा डोळा मागितला होता. देवाचे अनुभव लिहिणाऱ्यांचं शेवटी बहुतेक सगळं बरं होतं. माझं झालं नाही, म्हणून लिहू की नको यातच कितीतरी महिने गेले. ह्यांनीच अखेर म्हटलं, "अगं, जे झालं तेवढंच लिही की."

ह्यांच्या नोकरीपायी आम्ही फरीदाबादला आलो आणि इथलेच होऊन गेलो. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. समोर माणूस उभा आहे इतकं कळतं, कोण आहे ते कळत नाही. सगळा संसार उजव्या डोळ्यावर केला. संकष्टी माहेरपासूनची, ती कधी मोडली नाही. आश्विनातली संकष्टी आणि इथल्या बायकांचा नवऱ्यासाठीचा निर्जळी करवा चौथ एकाच दिवशी येतात. त्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर लाल साड्या, चाळण्या, मेंदीचे हात अशी जत्रा भरते आणि एका कोपऱ्यात मी, साध्या सुती साडीत, पाण्याचा तांब्या घेऊन. "आंटी का भी व्रत है, पर अंकल के लिए नहीं," म्हणून त्या मला चिडवतात. मीही सोडत नाही. "अंकल को गणपती संभाल लेंगे, मेरे बस के नहीं," म्हणते.

त्या दिवशी चंद्र उगवल्याचा गलका झाला. मी वर पाहिलं तर चंद्र अर्धाच. वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून काढावा तसा. दुखत काहीच नव्हतं, आणि आकाश काळंच असल्यामुळे दुसरं काही जाणवलंही नाही. दिवाळीच्या आधी इथे हवेत धुरकं असतंच. अर्धवट दिसणाऱ्या चंद्राला अर्घ्य कसं द्यायचं, म्हणून धुरकं सरायची वाट बघत उभी राहिले. एकेक बाई नवऱ्याच्या हातचं पाणी पिऊन खाली गेली, तरी मी आपली उभीच. हट्टी स्वभाव, दुसरं काय.

नवव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक मुलगी तेवढी मागे राहिली होती. तिचा नवरा ऑफिसातून पोचला नव्हता, त्यामुळे तिचा उपास सुटला नव्हता. "आप किसका इंतज़ार कर रही हैं, आंटी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "धुआँ हटे तो पूरा चाँद दिखे।" ती वर बघून म्हणाली, "चाँद तो बिल्कुल साफ़ है।" मी तिच्याकडे वळले. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र दिसत होतं, हनुवटी दिसत होती. त्याच्या वर काही नव्हतं.

तुझा चेहराच दिसत नाही, एवढं मी म्हटलं; पुढे तिने मला बोलू दिलंच नाही. तिच्या सासऱ्यांना असंच झालं होतं. घरच्यांनी सकाळी बघू म्हटलं आणि सकाळी डोळा गेलेला होता. हे तिने गाडी काढता काढता सांगितलं. ह्यांना घरातून अनवाणीच ओढून आणलं. वाटेत मी नुसतं मोरया मोरया करत होते. मनात एकच, बाकी काही ने, पण डोळा ठेव. हे माझा हात घट्ट धरून बसले होते. चारचौघांत कधी हात न धरणारा माणूस.

डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी एक शीर गुठळीने बंद झाली होती. डॉक्टरांनी करायचं ते केलं, पण खोटी आशा दाखवली नाही. वरची अर्धी नजर गेली ती गेलीच. मग हृदय तपासलं तर ठोके अनियमित निघाले. गुठळी तिथूनच आली असावी, म्हणाले, आणि पुढची मेंदूत गेली असती तर अर्धांगवायू ठरलेला. औषधं लगेच सुरू झाली. ती मुलगी तोवर दिवसभराच्या कोरड्या घशाने माझ्यासाठी इस्पितळात या खिडकीवरून त्या खिडकीवर धावत होती. तिचा नवरा थेट तिथेच आला आणि त्याने तिला कागदी पेल्यातून पाणी पाजलं. ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले. मी तिची कोण होते?

घरी आल्यावर मात्र राग आला. वाचताना ओळ सुटते. उघड्या कपाटाचं दार कपाळावर आदळतं. नात समोर आली की आधी फ्रॉक दिसतो, चेहऱ्यासाठी मान मागे टाकावी लागते. आयुष्याचं सोनं झालं म्हणायचं का याला? इतकी वर्षं उपासतापास केले त्याचं हेच फळ का, असं मी देवाला विचारलं. बरेच दिवस देव्हाऱ्यापुढे बसलेच नाही.

मग एका सकाळी बसले. सवयीने समोर पाहिलं. त्याचं मुख दिसेना, नुसते पाय दिसत होते. मुख बघायला मान उचलली, ती दुखायला लागली, तशी खाली सोडून दिली. म्हटलं, राहू दे. जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघून मागत आले. पायांकडे बघताना काय मागायचं ते सुचेचना. डोकं टेकवलं आणि खूप रडले. त्या मुलीला उदंड आयुष्य दे, एवढंच तोंडातून आलं. आता रोज तशीच बसते. पायांपुरती नजर ठेवलीस, तेवढी पुरते, असं त्याला सांगते. काही दिवशी ते मला खरंही वाटतं.