बावीस किलो, रिकामी

मीरा रोड ते भाईंदर या पट्ट्यात सायकलीबद्दल सर्वांत जास्त बोलणारा आणि सायकल सर्वांत कमी चालवणारा माणूस म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. हे विधान मी पडताळून केलेलं आहे. त्यांच्या जवळपास जाणारे आणखी दोघेतिघे आहेत, पण ते निदान महिन्यातून एकदा उत्तनचा चढ चढून येतात. मामा येत नाहीत. नवघरच्या आपल्या इमारतीतून निघायचं, पूनम सागरच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, हा त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास. पण तो ते अशा इतमामाने करतात की पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ कुठल्या तरी उद्घाटनाला चालले आहेत. इस्त्रीची फुलपँट, उजव्या घोट्यावर पँटला लावलेली क्लिप, पाठ ताठ. रस्ता रिकामा असला तरी वळताना हात पूर्ण लांब करून दाखवायचा. सकाळी सहाला चौकात चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला पाय टेकून उभं राहायचं. घरातून बाहेर पडताना ते ‘मी निघतो’ म्हणत नाहीत. ‘आम्ही निघतोय’ म्हणतात. या ‘आम्ही’त मामी नसतात, सायकल असते.

सायकल काळी, मोठ्या चाकांची, सळीच्या ब्रेकची. मामा रत्नागिरीहून भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागले, कायम झाले आणि त्या आनंदात त्यांनी ती घेतली. कारखान्यात त्यांचं काम तयार भांडी तपासण्याचं होतं. पातेलं हातात घ्यायचं, बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि आवाज ऐकून पास-नापास ठरवायचं. निवृत्तीनंतर भांडी संपली, टिचकी उरली. आता ते सायकलींना मारतात. एकदा बँकेत नोकरी करणाऱ्या संदेशने बरेच महिने वाट पाहून मागवलेली नवी सायकल टपरीवर आणली. सगळे तिच्याभोवती जमले. मामांनी गर्दीतून वाट काढली, दांड्याला टिचकी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाले, “प्लास्टिक.”

“मामा, कार्बन आहे!” संदेश जवळजवळ ओरडला.

“म्हणजे पेन्सिलीत असतो तोच ना?”

“तो वेगळा.”

“असेल. टोक काढायची वेळ आली की सांग.”

संदेशचे आईवडील मराठवाड्यातून इथे आले, तो गोडदेवला वाढला, आणि दर रविवारी मामांकडून असं काही ऐकून घेणं हा त्याचा आठवड्याचा खुराक आहे. टपरीवर जमणाऱ्या या सायकलवाल्या मंडळींची पद्धत अशी की पहाटे अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून निघायचं, तासभर सायकल चालवायची आणि मग टपरीवर दोन तास तिच्याविषयी बोलायचं. मामा फक्त दुसऱ्या भागाला हजर असतात. गेल्या पाच वर्षांत त्यांचा एकही रविवार चुकलेला नव्हता, आणि टायरची हवा, चेनचं तेल, सीटची उंची यांपैकी कोणत्याही विषयावर त्यांचं मत बदललेलं नव्हतं.

या टपरीवर एक रिवाज आहे. भेटल्यावर कोणी हात मिळवत नाही. समोरच्याची सायकल एका बोटावर उचलून बघतात. दांड्याखाली तर्जनी घालायची, वर करायची, भुवया उंचवायच्या आणि म्हणायचं, “क्या बात है!” मालकाने मग खाली बघत सांगायचं, “अजून दोनशे ग्रॅम कमी होईल.” गोडदेवला हार्डवेअरचं दुकान असलेले जिग्नेशभाई तर खिशात हुक लावलेला छोटा वजनकाटा घेऊनच येतात. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा हलकं बघून घेतलं आहे. त्यांचं स्वतःचं पोट या हिशेबात धरलेलं नाही, हे मामांनी सर्वांसमक्ष निदर्शनास आणून दिलं होतं. “अरे मामा, वो तो इंजिन है,” जिग्नेशभाई म्हणाले होते.

मामांची सायकल मात्र कोणाच्याच बोटाला दाद देत नसे. नवा माणूस आला की ते स्वतःच बोलावत, “उचला, उचला, लाजू नका.” तो एक बोट लावी, मग दोन हात लावी आणि शेवटी ‘बाप रे’ म्हणे. हे ‘बाप रे’ मामा पदकासारखं स्वीकारत. “बावीस किलो,” ते सांगत, “आणि ही रिकामी. कॅरियरवर मामी बसल्या की किती, ते जिग्नेशच्या काट्यालाही झेपायचं नाही.”

हे बावीस किलो ते रोज तीन मजले खांद्यावरून वर नेत. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पूर्वी सायकल खाली जिन्यापाशीच असे, पण एकदा कोणाची तरी स्कूटर तिच्यावर रेलली आणि मडगार्डला नखाएवढा पोचा आला. त्या दिवसापासून ती हॉलमध्ये, फ्रिज आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये राहते. पाहुण्यांना सोफ्यावर तिरकं बसावं लागतं. मामींनी एकदा ओला नॅपकिन हँडलवर वाळत घातला, तेव्हा मामा दोन दिवस फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलले. वर येण्याचीही एक ठरलेली रीत होती. फाटकात शिरताना घंटी दोनदा वाजवायची. ती ऐकून मामी वर चहा ठेवत आणि दार उघडून ठेवत, कारण खांद्यावर सायकल घेतलेल्या माणसाला दाराची बेल दाबायला हात मोकळा नसतो. चाळीस वर्षांच्या संसारात मामांनी मामींना कधी खालून हाक मारल्याचं कोणी ऐकलेलं नाही. घंटी होती, हाकेची गरज पडली नाही.

मग मामांना हर्निया झाला. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मी सोबत होतो.

“जड काही उचलता का?” त्यांनी विचारलं.

“छे,” मामा म्हणाले.

“सायकल उचलतात,” मामी म्हणाल्या. “रोज. तीन मजले.”

“सायकल? किती वजन असेल?”

इथे मामांनी खरं तर गप्प बसायला हवं होतं. “बावीस किलो,” ते म्हणाले, आणि थांबवेना म्हणून पुढे म्हणाले, “रिकामी.”

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, यापुढे पाण्याच्या अर्ध्या बादलीपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. चालवायला हरकत नाही, पण दीड-दोन महिन्यांनी. मामांनी बाकीचं काही ऐकलं नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मग ती राहणार कुठे?” खाली ठेवा, असं मी सुचवलं. मामींनी तर कोणाला तरी देऊन टाका म्हटलं. मामा शांतपणे म्हणाले, “खाली ठेवणार नाही. वर नेता येत नसेल तर चालवणारही नाही. विषय संपला.” ते खरंच तसं करतील, याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती.

रविवारी मी हे टपरीवर सांगितलं. मग जिग्नेशभाई म्हणाले, “वजन कम करो.”

“मामांचं?” संदेशने विचारलं.

“सायकल का, यार!”

या निर्णयात माझा सहभाग होता, हे नोंदवायला हवं. सर्व्हिसिंगचं निमित्त सांगून मीच सायकल जिग्नेशभाईंच्या दुकानात पोचवली. दुसऱ्या कोणाला अशा वेळी सायकल वर नेण्यासाठी माणूस शोधावासा वाटला असता. यांना तिचे ग्रॅम दिसले. दोन रविवार टपरीवरची चर्चा बंद ठेवून ते दुकानाच्या मागच्या बाजूला पाना-पकड घेऊन बसले. कॅरियर काढला, दुहेरी स्टँड काढला, चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, डायनामो, दिवा, कुलूप काढलं; स्प्रिंगची सीट काढून तिथे पातळशी बसवली. प्रत्येक वस्तू काट्याला टांगली जायची, जिग्नेशभाई आकडा पुकारायचे आणि टाळ्या पडायच्या. मी कागदावर लिहून घेत होतो. शेवटी कोणाचं तरी लक्ष घंटीकडे गेलं. “एकशे चाळीस ग्रॅम,” जिग्नेशभाईंनी पुकारलं आणि तीही गेली. बावीसची सायकल पंधरावर आली. त्या दिवशी दुकानात जो आनंद झाला, तो मी निवडणुकीच्या निकालाच्या रात्रीही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

दोन महिन्यांनी मामा रिक्षाने टपरीवर आले. सायकल खांबाला टेकवून ठेवली होती, कारण स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं साधन तिच्याकडे उरलं नव्हतं. मामा तिच्याभोवती एकदा फिरले. दांड्याला टिचकी मारली. मग, मी नको म्हणत असताना, एक बोट घालून पुढचं चाक किंचित उचललं.

“हलकी झालीय,” ते म्हणाले.

जोरात टाळ्या पडल्या. मामांनी प्रत्येकाशी हात मिळवला आणि प्रत्येकाला ‘थँक यू’ म्हटलं. पुढची वीस मिनिटं त्यांनी कोणाचंही म्हणणं खोडलं नाही. संदेशने मुद्दाम कार्बनचा विषय काढला, तर ते “चांगला असतो” म्हणाले. “मामा एकदम खूश हैं,” जिग्नेशभाई मला म्हणाले.

परत जाताना मामा सायकलवर पुढे आणि मी स्कूटरवर त्यांच्या मागे होतो. इमारतीच्या फाटकात मामांचा अंगठा सवयीने हँडलच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला. ते उतरले.

“घंटी पण?”

“एकशे चाळीस ग्रॅम होती,” मी म्हणालो. एवढा नेमका आणि एवढा निरुपयोगी तपशील मी आयुष्यात दुसऱ्यांदा दिला नसेल.

सायकल मीच वर नेली. दार बंद होतं. बेल दाबली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो थांबला, मग मामींनी दार उघडलं. “कधी आलात? मला कळलंच नाही. चहा पण टाकला नाही मी.” मग त्यांची नजर माझ्या खांद्याकडे गेली. “ही कुणाची आणलीत?”

“आपलीच आहे,” मामा म्हणाले.

मामींनी ती नीट न्याहाळली. “कॅरियर कुठाय? मी कुठे बसू?”

मामी कॅरियरवर शेवटच्या बसल्या त्याला पंधरा वर्षं तरी झाली असतील. हे मामांनी त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. “पोरांनी माझ्यासाठी हलकी केलीय,” मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “जावई, यातलं काही तिकडे बोलायचं नाही. प्रेमाने केलंय त्यांनी. वाईट वाटेल.”

पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. चाकात हवा नव्हती, असा निरोप होता. त्यापुढच्या रविवारी चेन उतरली होती. तिसऱ्या रविवारी त्यांनी निरोप पाठवला नाही, तेव्हा मी मामांचा शब्द मोडला आणि मामींचा प्रश्न टपरीवर जसाच्या तसा सांगितला. मी कुठे बसू? जिग्नेशभाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. ते मराठीत क्वचित बोलतात, पण तेव्हा बोलले. “आपण येडे आहोत.” दुकानातून त्यांनी एक गोणी आणली. त्यात सगळे भाग जपून ठेवलेले होते, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर वजन. माझा कागद मी घरून आणला. मग आम्ही मामांकडून सायकल मागून आणली आणि कागदावरची यादी खालून वर वाचत एकेक वस्तू परत बसवली. पहिली बसली ती घंटी.

“पण मग वर कोण नेणार?” संदेशने विचारलं, आणि विचारून झाल्यावर तोच म्हणाला, “मीच नेतो.”

“अकेला क्यूँ? मैं भी हूँ,” जिग्नेशभाई म्हणाले.

तेव्हापासून टपरीवर पाळ्या लागल्या आहेत. दर रविवारी खाली आणायला एक जण येतो, वर न्यायला दुसरा. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. कोण न थांबता चढला, कोण दुसऱ्या मजल्यावर टेकला, यावर आता ग्रॅमपेक्षा जास्त वाद होतात. मामांना पुन्हा कंठ फुटला आहे. “भिंत सांभाळ! सीटला धरू नकोस, दांड्याला धर. एवढी ती काडी उचलतोस दर रविवारी, दम कुठे गेला?” संदेश वरून म्हणतो, “मामा, एकदा तुम्हाला माझी देतो चढवायला.” “दे की. पेन्सिल खिशात घालून चढेन.”

पूर्वी मामा रोज निघत. भाजीला, बँकेत, उगीच स्टेशनपर्यंत. आता निघतात ते फक्त रविवारी. सहा दिवस सायकल फ्रिजशेजारी उभी असते आणि मामा जुन्या बनियनने तिचे आरे पुसत असतात. मामींनी अलीकडे हँडलवर नॅपकिन वाळत घातलेला मी पाहिला. मामांनीही पाहिला होता. ते आरे पुसत राहिले.

रविवारी फाटकात घंटी दोनदा वाजते. वर मामी चहा ठेवतात आणि दार उघडतात. आधी घामाघूम झालेला कोणीतरी सायकल घेऊन आत येतो आणि ती जागेवर उभी करतो. मामी त्याला पाणी देतात, पण दार लावत नाहीत. तिथेच उंबऱ्याशी जिन्याकडे बघत उभ्या राहतात. सायकल पोचणं आणि मामा पोचणं यांत पहिल्या रविवारी दोन मिनिटं गेली होती. मी घड्याळ पाहिलं होतं. नंतर एकदा पाहिलं तेव्हा चार झाली होती. त्यानंतर मी पाहिलेलं नाही.