आधीच वाटलेले पेढे

आमच्या घरात माझा निकाल परीक्षेच्या सात महिने आधी लागला.

त्याचं असं झालं. मी दुबईतल्या ब्रिटिश शाळेत शेवटच्या वर्षाला होते. तिथे शिक्षक आधीच अंदाज बांधतात, हिला अमुक ग्रेड मिळतील, आणि त्या अंदाजावर ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिट्यांना अर्ज जातो. माझा अंदाज आला, तीन विषय, तिन्हींत ए. ईमेल आईच्या फोनवर पडला तेव्हा मी शाळेत. आई आपल्या बोर्डाच्या परीक्षा देऊन मोठी झालेली. मार्क दिसले की पेढे, एवढंच तिला ठाऊक. मी घरी पोचेपर्यंत अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगचे चार मजले पेढे खाऊन मोकळे झाले होते. खाली वॉचमनकाका मुबारक हो म्हणाले. मला वाटलं, बाबांना प्रमोशन मिळालं.

आई फोनवर नाशिकच्या मावशीला सांगत होती, पोरीने नाव काढलं. मी म्हटलं, अगं, एक्झाम अजून व्हायचीय. तिने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की मी सोफ्यावरून खालीच आले. बाबा ऑफिसमधून आल्यावर त्यांना सांगताना पुन्हा तेच. शेवटी डोळे पुसत आई म्हणाली, “पेढे वाटून झालेत. आता परत घेता यायचे नाहीत.”

मग परीक्षा संपेपर्यंत हेच ऐकलं. फोन हातात घेतला, पेढे. मैत्रिणींबरोबर मॉलला निघाले, पेढे. शेजारच्या मल्याळी आंटी लिफ्टमध्ये विचारायच्या, युनिव्हर्सिटीला कधी जाणार, आणि मी इन्शाल्ला म्हणून एक मजला आधीच उतरायचे. हसू यायचं. पण मला हव्या असलेल्या युनिव्हर्सिटीला तिन्ही ए लागणारच होते.

ऑगस्टमध्ये खरा निकाल आला. केमिस्ट्रीत बी. पहिल्या युनिव्हर्सिटीने नाही म्हटलं, दुसरीने घेतलं. मी बाथरूमची कडी लावून रडले; युनिव्हर्सिटीसाठी कमी, त्या चार मजल्यांसाठी जास्त.

आईने दाराबाहेरून विचारलं, किती कमी पडलं? मी म्हटलं, एक ग्रेड.



“म्हणजे लोकांनी एकेक पेढा जास्त खाल्ला. खाऊ देत. तू दार उघड.”