आत्याचं आतडं

माझी आत्या गाडी चालवायला शिकवते. गावातले निम्मे ड्रायव्हर आपल्या हाताखालून गेलेत, असं ती सांगते, आणि उरलेले निम्मे कसे चालवतात ते बघा, असंही तीच म्हणते. शिकवण्याच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा माणूस गडबडला की आत्या ओरडत नाही. पाय दाबते आणि म्हणते, "थांबलो. श्वास घ्या. आता सांगा, काय चुकलं?" त्यावरून तिचं नाव ब्रेकबाई पडलं. तिला ते आवडतं.

तिचा आजार तिच्या धंद्याइतकाच जुना. पंचविशीच्या आतच तिला क्रोन्स झाला. यात आतड्याला सूज येते, जखमा होतात, भरतात, पुन्हा उठतात. कायमचा जात नाही, पण आवरता येतो. आत्याने तो आवरला. कुठलं स्वच्छतागृह खरंच स्वच्छ आणि कुठलं नुसतं नावाला, हे तिला पाठ होतं, आणि शिकवायचे रस्तेही ती त्यावरूनच ठरवायची. पेट्रोल पंप, वाचनालय, मग कोर्टामागचा चढ. विद्यार्थ्यांना वाटायचं, चढावर क्लच शिकवायला नेतात. "तेही होतंच की," ती म्हणायची.

पोट बिघडलं की ठरलेल्या गोळ्या, मऊ भात, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गाडीत. नंतर तर बरीच वर्षं आजाराने तोंडच दाखवलं नाही. आत्याने तपासणीला जाणंही सोडून दिलं. दुखत नाही तर कशाला जाऊन बसायचं त्यांच्या दारात, असा तिचा सवाल.

मग एका उन्हाळ्यात जेवल्यावर तिचं पोट गच्च व्हायला लागलं. आतून गुरगुर, कळा, आणि शेवटी उलटी. "जुना पाहुणा आलाय, जाईल," म्हणून तिने जुन्याच गोळ्या सुरू केल्या. जरा उतार पडला, पुन्हा सुरू. परत गोळ्या, परत तेच. ती अर्ध्या टोस्टवर आली, तरी शिकवणी चालूच.

आतोबा शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तरी घरच्यांना वाटतं, आज स्वारी खुशीत आहे. एका सकाळी आत्याने पँट त्यांच्यापुढे टाकली. "कंबर आत घ्या जरा."

आतोबांनी पँट उचलली नाही. "दोनदा घेतली. तिसऱ्यांदा घेणार नाही. आधी डॉक्टर."

"अहो, आज दोन शिकवण्या आहेत माझ्या."

"मग पँट हातात धरून चालवा."

आत्या माझ्याकडे बघून हसली, पण मला घेऊन गेली.

तिचे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी दुर्बीण घातली, ती हव्या त्या जागेपर्यंत पोचली नाही. स्कॅनमध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग आवळून पार बारीक झालेला दिसला.

"आणखी जोरदार औषध देऊन बघता येईल," त्या म्हणाल्या, "पण मला तसं करायचं नाहीये. ऑपरेशन करून तेवढा भाग काढावा, असं माझं मत आहे."

"कॅन्सर म्हणताय का?" आत्याने थेट विचारलं.

"म्हणत नाही. पण नाही असंही सांगता येत नाही. जुनी सूज आणि गाठ स्कॅनमध्ये पुष्कळदा सारखीच दिसतात. लहान आतड्याचा कॅन्सर मुळात फार कमी लोकांना होतो. तुमच्यासारखा जुना आजार असला तर धोका वाढतो, तरी तो क्वचितच होतो. पण इतकी वर्षं शांत असलेलं आतडं असं आवळतं आणि औषधांना दाद देत नाही, तेव्हा मी वाट बघत बसत नाही."

"अहो, हा आजार मी अर्धा जन्म सांभाळलाय. त्याची नस न् नस मला ठाऊक आहे."

"हा तोच आजार आहे का, एवढंच मला बघायचंय."

आत्या म्हणाली, "शिकाऊ माणूस म्हणाला ना, की हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे, की मी लगेच पाय ब्रेकवर ठेवते. सांगा, कधी यायचं?"

ऑपरेशन झालं. आवळलेला भाग काढून दोन्ही टोकं जोडली. आत्या उठून बसायला लागली आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "होता तेवढा भाग पूर्ण निघालाय. पण जवळच्या दोन लसिकाग्रंथींत त्याच्या पेशी सापडल्या, म्हणून केमो घ्यायची."

आतोबांनी गळ्यातली मापाची टेप काढून हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, खिडकीकडे तोंड करून रडायला लागले.

"दादा," आत्या म्हणाली, "रडून झालं की चहा सांग. आणि माझ्यासमोर रड की. पाठीला काय बघू तुझ्या?"

त्या दुपारी मात्र तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "भीती वाटतेय गं," एवढंच म्हणाली.

केमोने तिची बोटं बधिर केली. गार पाण्याला हात लावला की सुया टोचायच्या. पुढे पायही तसेच झाले. एकदा जिना उतरताना चप्पल वरच्याच पायरीवर राहिली आणि तिला पत्ताच नाही. तिने मागे वळून चपलेकडे पाहिलं, घरात आली आणि गाडीची किल्ली आतोबांच्या मशीनवर ठेवली.

"पायाला ब्रेक कळत नाही. मी शिकवणार नाही."

एक विद्यार्थिनी परीक्षेच्या तोंडावर होती. ती गयावया करू लागली, "मॅडम, तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

"नुसतं बसायला मी काय पोतं आहे?" आत्याने सगळ्यांना गावातल्या दुसऱ्या शिकवणाऱ्याकडे पाठवलं. एरवी ती त्याला हॉर्नवाला म्हणायची. आता फोनवर म्हणाली, "माझी माणसं आहेत, नीट शिकवा. आणि हॉर्न कमी."

दवाखान्यात तिला मी न्यायचे, पण मला दर वेळी सुट्टी मिळेना. तेव्हा आतोबा म्हणाले, "मी शिकतो." ब्रेकबाईचा नवरा, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता! एका बंद गोदामामागच्या मोकळ्या पटांगणात आम्ही त्यांना बसवलं. शेजारी मी, पाय ब्रेकवर. मागे आत्या, हातमोजे घालून, शालीत गुरफटलेली.

"क्लच हळू सोडा. हळू. अहो, मशीनचं पायडल नाहीये ते!"

गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

"चुकलं काय?" आतोबांनी विचारलं.

"माझं. तीस वर्षांपूर्वीच शिकवायला हवं होतं."

आतोबा इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. परीक्षेत ते दोनदा नापास झाले, मग पास झाले. केमोच्या शेवटच्या खेपांना त्यांनीच तिला नेलं. इतक्या सावकाश, की सायकलवाले पुढे जायचे.

पायातली जाण हळूहळू परतली. दोन बोटांना अजून मुंग्या येतात. कामावर परतण्याआधी आत्याने उभ्या गाडीत डोळे मिटून माझ्याकडून स्वतःची परीक्षा घेववली. मी सांगेन तेवढाच ब्रेक दाबायचा, अर्धा, पाव, पूर्ण. एकदाही चुकली नाही, तेव्हा कुठे तिने जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले.

याला आता तीन वर्षं होऊन गेली. क्रोन्स आहेच, त्याचं औषध चालू आहे, आणि आत्या एकही तपासणी चुकवत नाही. कॅन्सर पुन्हा दिसलेला नाही. पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. परवाचा स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहात. वजनही वाढलंय."

बाहेर कँटीनमध्ये आत्याने तीन ऑम्लेट मागवली. आतोबा म्हणाले, "मला भूक नाही."

"तुम्हाला कोण देतंय?" आत्या म्हणाली आणि तिन्ही बशा आपल्यापुढे ओढल्या.