मावशींची वही आणि खालचा पुढचा दात

दातांच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं मदतनीस असलेल्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मोठे डॉक्टर त्यांच्याहून दहा वर्षांनी थोरले, पण तेही मावशीच म्हणत. मावशींनी एकदा कुरकुर केली, मग नाद सोडला.

हत्यारं निर्जंतुक करायची, पेल्यात पाणी भरायचं, आणि दात काढताना पेशंटचा हात धरायचा, ही त्यांची कामं. शेवटचं कुणी नेमून दिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका धिप्पाड हमालाने घाबरून त्यांचा हात पकडला, तेव्हापासून ते त्यांच्याकडेच आलं.

मोठ्या डॉक्टरांची सून डॉक्टर होऊन दवाखान्यात बसू लागली आणि सासऱ्या-सुनेत गोड वादावादी सुरू झाली. खालचा कुठलाही दात असो, मोठे डॉक्टर जबड्यात पार मागे इंजेक्शन द्यायचे. अर्धा जबडा, ओठ, जीभ, सगळं बधिर.

"बाबा, पुढच्या दाताला पलीकडच्या बाजूनेही दुखणं कळवणाऱ्या नसा येतात, त्या जाग्याच राहतात," सून म्हणाली. "तिथलं हाड पातळ असतं. दाताच्या मुळाशीच पुढून आणि मागून थोडं थोडं औषध दिलं तर पुरतं."

"पस्तीस वर्षांत माझ्याकडे एकाचीही तक्रार नाही."

"मग मोजूनच बघू या ना."

ठरलं. खालचा पुढचा दात काढायचा असलेले चाळीस पेशंट घ्यायचे, त्यांना दोन्ही रीती समजावून सांगायच्या, आणि तयार असतील त्यांची रीत चिठ्ठी उचलून ठरवायची. दात काढून झाला की किती दुखलं ते शून्य ते दहामध्ये विचारायचं. विचारून वहीत लिहायचं काम मावशींचं.

पाच-सहा पेशंट झाल्यावर मावशींना यात काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं. एका शिक्षिकेने दात निघताना त्यांची बोटं अशी आवळली की अंगठी रुतली, आणि मग अर्ध्या बधिर तोंडाने हसून म्हणाली, "दोन लिहा." समोर मोठे डॉक्टर उभे होते ना! मावशींनी दोन लिहिले. बाजूला बारीक अक्षरांत स्वतःचं लिहिलं, "हात – सात." पुढे प्रत्येक ओळीत दोन आकडे पडत गेले.

चाळीस पुरे झाले. तोंडी आकड्यांत दोन्ही रीती जवळपास सारख्याच निघाल्या. मोठे डॉक्टर खुशीत मिशीवरून हात फिरवू लागले, तेवढ्यात सुनेचं लक्ष बारीक अक्षरांकडे गेलं.

"मावशी, हे काय?"

डॉक्टरांनी मावशींच्या मुलीच्या आजारपणात महिनाभर स्वतः घरी येऊन चौकशी केली होती. त्या माणसाला दुखवायचं कसं? पण खोटंही बोलवेना.

"लोक तुमच्याकडे बघून आकडा सांगतात, डॉक्टर. हात माझ्या हातात असतो. जबड्यात पार मागे इंजेक्शन दिलं की पुढच्या दाताला बरेच जण हात आवळतात. मुळाशी दिलं की टोचताना जरा आवळतात, पण दात निघताना हात सैल असतो."

"हा काही पक्का पुरावा नाही, बाबा," सून सांभाळून घेत म्हणाली. "कुठलं इंजेक्शन दिलं ते मावशींना दिसत होतं."

मोठे डॉक्टर बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"दुसरी रीत असते हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, एवढं दुखायचंच."

दुसऱ्या दिवशी एक आजोबा खालचा हलता दात घेऊन आले. मोठे डॉक्टर सुनेशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "सुई किती तिरकी धरायची ते सांग." जमलं त्यांना. आजोबा काही जीभ चावत, बोबडं बोलत बाहेर पडले नाहीत. उलट जाताना चांगली पाच मिनिटं राजकारणावर बोलले.

दुपारी डॉक्टरांनी मावशींना एक नंबर लावायला सांगितला. पलीकडच्या गल्लीतला घड्याळजी. त्याचे पुढचे दोन दात डॉक्टरांनी मागच्याच वर्षी काढले होते.

"खरं सांगा, दुखलं होतं का हो तेव्हा?"

पलीकडून आवाज आला, "दुखलं होतं डॉक्टर, चांगलंच. पण तुम्ही इतकं मायेने विचारत होतात की नाही म्हणवत नव्हतं."

मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मावशी पेला धुण्याच्या निमित्ताने आत निघून गेल्या.